बाईंनी फीचा माग काढला

बाईंना त्यांच्या नवऱ्यासकट सगळी गल्ली बाईच म्हणायची. उभं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं होतं. भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत कुणी ना कुणी त्यांच्या हाताखालून गेलेलं असायचंच. नवरा शहर बसवर ड्रायव्हर. तो बाईंच्या आधी निवृत्त झाला, आणि लहानथोर सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा बाईंच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, की एवढ्या शिकलेल्या मुलीला बसवाला कसा काय चालतो. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "वेळेवर येतो. मला तेवढं पुरे." काकांनी हे वाक्य पुढे आयुष्यभर मिरवलं.

बाई निवृत्त झाल्या आणि काकांचे दिवस फिरले. सकाळचा पेपर त्यांच्या हाती येईपर्यंत त्यावर लाल शाईच्या खुणा पडलेल्या असायच्या. वाण्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी त्याच्यासमोर उभं राहून दुरुस्त करून घेतला. "वर्गात आता एकच विद्यार्थी उरलाय," काका जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "आणि तो फार ढ आहे."

अशातच एका दुपारी दोघं चपला घ्यायला गेली. दुकानात एक तरतरीत मुलगी पुढे आली, बाईंकडे पाहून थबकली, आणि काही बोलायच्या आत गुडघ्यावर बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवू लागली. बाईंनी तिला डोक्याच्या भांगावरून ओळखलं.

"भूमितीत माझी चूक काढणारी तूच ना?"

मुलगी लाजली. "एकदाच काढली होती, बाई."

"एकदाच, पण बरोबर होती. वर्गात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून मीच वाजवल्या होत्या. सुट्टीत काम करतेस वाटतं? कितव्या वर्षाला आहेस?"

"कॉलेजला नाही गेले मी." ती चपलेचा पट्टा नीट करत होती, मान वर न करता म्हणाली, "चौकशीला गेले होते. खिडकीवर फीचा आकडा लावला होता. तो वाचला आणि तशीच घरी आले. घरी कुणी काही बोललंच नाही. मग मीही नाही बोलले."

बाईंनी ती चप्पल घेतली. घरी आल्यावर कळलं की एक माप लहान आहे. चप्पल चावत असतानाही त्यांनी ती पायातून काढली नव्हती, कारण लक्षच नव्हतं.

दुकानातून परतताना काकांची जुनी छोटी गाडी सिग्नलला उभी राहिली तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, कॉलेजची फी एवढी का वाढली असेल हो?"

"महागाई," काका म्हणाले. पंचवीस वर्षं बस चालवून ते या उत्तरावर पोचले होते. कुठल्याही प्रश्नाला ते चालायचं.

"महागाई सगळ्यांनाच लागते. दूध वाढलं, भाडं वाढलं, तुमच्या बसचं तिकीट वाढलं. पण फी या सगळ्यांना मागे टाकून कुठच्या कुठे पळालीय. आपल्या लेकीच्या वेळी माझ्या एका पगारात तिचं वर्ष निघायचं. आज माझ्याच जागेवर आलेल्या बाईंना पाच-सहा पगार लागतील. हे का?"

"मला काय ठाऊक. मी गाडी चालवतोय."

बाईंनी मग गल्लीत विचारायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या बँकेतल्या गृहस्थांनी सरकारला शिव्या घातल्या. दातांच्या डॉक्टरने बाईंच्या तोंडात हात घालून ठेवून कॉलेजवाले कसे लुटारू आहेत हे सांगितलं, त्यामुळे त्यांना उलट प्रश्न विचारता आला नाही. समोरच्या आजी म्हणाल्या, मुलांनाच सगळं चकाचक लागतं, दुसरं काही नाही. बाई घरी येऊन धुमसत राहिल्या. "एका गणिताला तीन उत्तरं! म्हणजे तिघांपैकी कुणीही ते सोडवलेलं नाही. नुसता अंदाज ठोकलाय."

"मग तू सोडव," काका सहज म्हणून गेले. पुढची तीन-साडेतीन वर्षं त्यांना या सहज म्हणण्याची किंमत मोजावी लागली.

बाईंनी विद्यापीठात संशोधनासाठी नाव नोंदवलं. त्या दिवशी खिडकीवर पैसे भरून आल्या आणि पावती काकांच्या हातात दिली. काका ती वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "फी का वाढली हे शोधायलाही फी!"

"गेल्या वर्षीपेक्षा वाढलीय," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

मार्गदर्शक म्हणून मिळाले ते अर्थशास्त्राचे सर त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होते. त्यांच्या टेबलाच्या खणात कायम बिस्किटांचा पुडा असायचा आणि ते बोलता बोलता त्यातली बिस्किटं संपवायचे, म्हणून काकांनी त्यांचं नाव बिस्किटसर ठेवलं. पहिल्याच भेटीत बिस्किटसर फळ्यावर काहीतरी लिहू लागले, आणि ओळ तिरकी गेली. बाईंनी त्यांना ती पुसून परत लिहायला लावली. काका दाराबाहेर बसून ऐकत होते. आता हा माणूस यांना हाकलून देणार, असं त्यांना वाटलं. पण आतून हसणं ऐकू आलं, आणि मग सर म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाला एवढंच सांगेन. उत्तर मनात ठरवून बाहेर पडू नका."

बाईंनी ते मान डोलावून ऐकलं. पण उत्तर त्यांनी ठरवलेलंच होतं. त्यांना चोर हवा होता. कुणीतरी एक जण पैसे खात असणार, त्याचं नाव काढायचं आणि मोकळं व्हायचं, असा त्यांचा हिशोब होता.

मग कॉलेजं पालथी घालणं सुरू झालं. काका गाडी चालवायचे, बाईंची पिशवी उचलायचे आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचे. एकदा एका वर्गाबाहेर बसलेले असताना मुलांनी त्यांनाच नवे प्राध्यापक समजून आत नेलं. काकांनी खरं काय ते सांगितलं, पण सांगायला जरा वेळ घेतला. त्या दिवशी घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

बाईंचं मात्र बिनसत होतं. पहिल्या प्राचार्यांसमोर त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "फी का वाढवली?"

"गुणवत्ता, मॅडम. गुणवत्ता राखायची तर खर्च येतोच."

"गुणवत्ता म्हणजे काय काय? एकेक सांगा. मी लिहून घेते."

प्राचार्यांना अचानक एक मीटिंग आठवली. दुसऱ्या कॉलेजातल्या प्राचार्यांना फोन आला. तिसरीकडचे तर चहा मागवून जे गेले ते आलेच नाहीत, आणि बाईंनी दोन्ही कप प्यायले.

"शाळेतली पोरं परवडली," गाडीत बसून त्या म्हणाल्या. "गृहपाठ केला नाही तर निदान पोट दुखलं म्हणतात. यांना धड बहाणासुद्धा करता येत नाही."

काका आरशात बघत म्हणाले, "अगं, तू त्यांना फळ्यापाशी उभं करतेस. कोण बोलेल? असं विचारून बघ, की तुम्ही इथे नोकरीला लागलात तेव्हा इथे काय काय नव्हतं? माणसाला जुनं आठवायला आवडतं."

बाईंनी नाक उडवलं. पण पुढच्या कॉलेजात, एका पिकल्या केसांच्या हेडक्लार्कसमोर बसल्यावर, त्यांनी हाच प्रश्न विचारला. हेडक्लार्कनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "काय काय नव्हतं? अहो, काहीच नव्हतं. मी होतो, एक टायपिस्ट होती आणि घंटा वाजवणारा एक म्हातारा होता. आता बघा." त्यांनी काचेच्या पलीकडे बोट दाखवलं. अर्धा मजला भरून माणसं संगणकासमोर बसली होती.

"ही सगळी काय करतात?"

"वर पाठवायचे अहवाल भरतात. कॉलेजला दर्जा मिळायला अहवाल लागतो, तो टिकवायला लागतो, मागचा अहवाल का चुकला याचाही लागतो. माणसं वाईट नाहीत, मॅडम. सकाळी येतात, मान मोडून काम करतात. पण यांच्यातल्या एकानेही आजवर कुणाला काही शिकवलेलं नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि पूर्वी आमचा बहुतेक खर्च सरकारी अनुदानातून भागायचा. ते वर्षावर्षाला आटत गेलं. एकदम बंद झालं असतं तर लोकांनी आरडाओरडा केला असता. हळूहळू आटलं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

त्या दिवसानंतर बाईंना विचारायची हातोटी सापडली, आणि माणसं भरभरून बोलू लागली. संगणकाच्या खोल्या दर चार-पाच वर्षांनी भंगारात जातात, असं कुणी सांगितलं. कुणी काचेच्या भिंतींची व्यायामशाळा दाखवली. तिथे फोटो काढून झाल्यावर फारसं कुणी फिरकत नव्हतं. एका कॉलेजात मन ताळ्यावर नसलेल्या मुलांशी बोलायला एक शांत चेहऱ्याची बाई नेमली होती. तिच्या खोलीत मऊ खुर्च्या होत्या. हा खर्च फालतू, असं वहीत लिहायला बाईंनी पेन उघडलं, आणि तसंच मिटलं. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, अबोल. एका वर्षी तो शाळेत यायचा बंद झाला तो कायमचाच, आणि त्याच्याशी बोलायला तेव्हा कुणाला वेळ झाला नव्हता. बाईंनाही नाही. घरी येताना त्या काकांना म्हणाल्या, "या खोलीचे पैसे मी फीमधून कापू शकत नाही. हात धजत नाही."

असं होता होता दोन वर्षं गेली. जेवणाचं टेबल जेवायला उरलं नाही, काका ताट मांडीवर घेऊन जेवू लागले. आणि एके संध्याकाळी त्यांनी पाहिलं, तर बाई कागदांच्या ढिगासमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. डोळे भरलेले.

"काय गं, काय झालं?"

"चोरच सापडत नाहीये हो." बाईंनी डोळे पुसले. "थोडीफार खाबूगिरी आहे, पण तेवढ्याने एवढी फी वाढत नाही. बाकी प्रत्येक माणूस जे सांगतो ते पटतं. क्लार्कचं पटतं, त्या खोलीतल्या बाईचं पटतं, संगणकवाल्याचंही पटतं. एकेक रक्कम पटते, आणि बेरीज काही केल्या पटत नाही. असं गणित मी जन्मात पाहिलं नव्हतं."

काकांनी चहा केला. साखर जरा जास्तच पडली, पण बाईंनी त्या दिवशी चूक काढली नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं.

प्रबंधातलं एक प्रकरण मात्र बाई मुद्दाम मागे ठेवत होत्या, आणि ते का, हे दोघांनाही माहीत होतं. जाहिरातीचं प्रकरण. त्यांची एकुलती एक लेक एका मोठ्या कॉलेजच्या जाहिरात विभागाची प्रमुख होती. रस्त्याकडेच्या मोठमोठ्या फलकांवर हसणारी मुलं, गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं, हे सगळं तिच्या हाताखाली व्हायचं. आई कसलासा अभ्यास करतेय एवढंच तिला माहीत होतं. फीवर करतेय हेही माहीत होतं. पण तिच्या कामापर्यंत तो येऊन ठेपलाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी ती जेवायला आली. टेबल मोकळं करायला म्हणून तिने कागद उचलले, आणि त्यात तिच्याच कॉलेजचं माहितीपत्रक निघालं. मुखपृष्ठावर हसणारी मुलगी. तिच्या चेहऱ्याशेजारी लाल शाईत आईचं अक्षर: 'या हसण्याला किती खर्च आला?'

लेकीने ते परत वाचलं. "आई, हे मला विचारायचं होतंस."

बाई पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "तुला विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. नाहीतर खरं. दोन्ही मला नको होतं."

"म्हणजे मी खोटं बोलेन हे तू धरूनच चाललीस?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. सगळ्या शहराला विचारत फिरलीस. वॉचमनला विचारलंस. मला नाही." तिने पर्स उचलली. "तुला वाटतं, ती फी मीच वाढवतेय."

ती न जेवता गेली. नंतर फोन नाही, येणं नाही. बाई रोज काहीतरी कारण काढून फोनपाशी घुटमळायच्या आणि परत कागदांशी जाऊन बसायच्या. पण लिहिणं पुढे सरकेना. काकांनी थोडे दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी, गाडीला काम आहे असं सांगून, ते बसने लेकीच्या ऑफिसात गेले. प्रवासी म्हणून बसायची सवय नसल्यामुळे सारा वेळ त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत होता.

लेकीचं ऑफिस सगळं पांढरं होतं. भिंतींवर हसणारे चेहरे. काका एका चाकाच्या खुर्चीत बसले आणि ती त्यांच्यासकट मागे गेली. लेकीला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"आईने पाठवलंय?"

"तिला वाटतंय मी गॅरेजमध्ये आहे."

लेकीने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी चोर आहे का?"

"छे. चोर सापडत नाही म्हणून तर तुझी आई रडते. सापडला असता तर गल्लीत पेढे वाटले असते तिने."

लेक खिडकीपाशी गेली. तिथून रस्त्यापलीकडचा एक फलक दिसत होता. शेजारच्या कॉलेजचा. त्यावरही हसणारी मुलं होती. "अनुदान आटलं, फी वाढवावी लागली, तेव्हा आमच्या बऱ्याच जागा रिकाम्या राहायला लागल्या. त्या भरायला जाहिरात सुरू केली. मग त्यांनी केली. मग आम्ही मोठी केली. यंदा आम्ही थांबलो, तर आमची मुलं तिकडे जातील. ते थांबले तर त्यांची इकडे येतील. कुणीच थांबत नाही. मला मनापासून पटतं असं नाही, बाबा. पण उद्या मी हे सोडलं तर माझ्या जागी दुसरी येईल, आणि ती याहून मोठा फलक लावेल."

काकांना त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या खासगी मिनीबसवाल्यांची आठवण झाली. एकाच थांब्यावरच्या मूठभर माणसांसाठी ते एकमेकांच्या पुढे गाड्या दामटायचे. डिझेल दोघांचंही जळायचं, प्रवासी तेवढेच.

"हे तुझ्या आईला सांग ना. तिला हेच तर हवंय."

"मी घरी येऊन सांगणार नाही." लेकीचा आवाज अगदी बाईंसारखा झाला. "ती सगळ्यांकडे वेळ मागून जाते ना? माझ्याकडेही तशीच येऊ दे. पिशवी घेऊन."

काकांनी निरोप पोचवला. गॅरेजचं खोटं उघडं पडलं, पण बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी ऑफिसच्या नंबरवर फोन करून रीतसर वेळ मागून घेतली. इस्त्रीची साडी नेसल्या. काका म्हणाले, मी बाहेर बसतो. लेक म्हणाली, तुम्ही आतच बसा. साक्षीदार पाहिजे.

बाई लेकीच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. वही उघडली. घसा साफ केला. "आपलं पद?"

लेकीनेही पाठ ताठ केली. "विभागप्रमुख. आपण चहा घेणार?"

"नको. आपण इथे रुजू झालात तेव्हा इथे काय काय नव्हतं?"

काकांना हसू फुटत होतं, पण दोघींपैकी कुणीही हसत नाही म्हटल्यावर त्यांनी ते गिळलं. लेक बोलू लागली. फलकांबद्दल, शेजारच्या कॉलेजबद्दल, न थांबणाऱ्या शर्यतीबद्दल. बाई भराभरा लिहीत होत्या. मधेच लेक म्हणाली, "आणि छापील फी सगळेच भरतात असं नाही."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"फीचा आकडा मोठा लावतात. मोठा आकडा असला की कॉलेज चांगलं, असं लोकांना वाटतं. मग ज्यांना झेपत नाही आणि ज्यांचे गुण चांगले आहेत, त्यांना सवलत देतात. काहींना निम्मी, काहींना त्याहून जास्त. सांगितलेली किंमत एक, घेतलेली वेगळी."

"हे कुठे लिहिलंय?"

"माहितीपत्रकात. शेवटच्या पानावर."

बाईंनी पिशवीतून ते माहितीपत्रक काढलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं. पत्ता, फोन नंबर, नकाशा, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात दोन ओळी. त्यांनी त्या वाचल्या. मग चपलांच्या दुकानातल्या मुलीची गोष्ट सांगितली. खिडकीवरचा आकडा वाचून ती कशी तशीच घरी आली, ते.

"तिला निम्म्यात मिळालं असतं," बाई म्हणाल्या. "तिला कुणी सांगितलंच नाही. ही अक्षरं इतकी बारीक कुणी केली?"

लेकीने टेबलावरचा हात मागे घेतला. "मी," ती म्हणाली. "नकाशा मोठा हवा होता. जागा उरली नाही. मला वाटलं, ज्याला हवं तो वाचेल."

बाईंनी हे लिहिलं नाही. वही मिटली, आणि टेबलावरून हात पुढे करून लेकीचा तो मागे घेतलेला हात धरला. "तू जेवली नव्हतीस त्या दिवशी," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. मग मात्र साक्षीदारालाच रुमाल लागला.

त्याच आठवड्यात बाई त्या दुकानात गेल्या. मुलगी आता काउंटरवर होती. बाईंनी तिला सवलतीचं सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. मी स्वतः येईन तुझ्याबरोबर."

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, रागावू नका. मला हे काम जमतंय. मालक म्हणतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानाचं सगळं माझ्याकडे देतील. मला नाही आता जायचं." तिने काउंटरवरचा खोका बंद केला. "फक्त एक आहे. नाही म्हणायचंच होतं, तर ते मी म्हणायला हवं होतं. त्या आकड्याने माझ्या वतीने म्हटलं, ते नाही आवडलं."

येताना गाडीत काकांनी रेडिओ लावला नाही. घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "परत चूक काढली माझी. मला वाटलं, मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन चाललेय."

प्रबंध पुरा व्हायला आणखी वर्ष गेलं. जाहिरातीचं प्रकरण सगळ्यात मोठं झालं. लेकीने ते वाचून कडेला पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या, त्यातल्या निम्म्या बाईंनी मान्य केल्या आणि उरलेल्यांवरून दोघी स्वयंपाकघरात भांडल्या. काकांना ते भांडण गाण्यासारखं वाटायचं. तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "मग थोडक्यात सांगा, मॅडम, दोष कुणाचा?"

बाई उभ्या होत्या. काका मागच्या रांगेत, बिस्किटसरांच्या शेजारी. दोघंही आता बिस्किटं खात होते.

"थोडक्यात सांगता येत असतं तर मी एवढी पानं कशाला लिहिली असती?" बाई म्हणाल्या. "मी एकाला शोधायला निघाले होते. सापडलं ते असं की प्रत्येकाने आपापल्या जागेवर थोडं थोडं वाढवलं, आणि थांबायचं काम दुसऱ्याचं आहे असं धरलं. सरकारने सगळ्यात जास्त. पण मी शिकवत होते तेव्हा मीही कधी विचारलं नाही, माझी मुलं पुढे जाऊन काय भरतात म्हणून. दोष विचाराल तर त्यात मलाही धरा."

परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला. बिस्किटसरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि हातातलं बिस्किट मोडलं.

त्यानंतर फार मोठं काही झालं असं नाही. पुढच्या वर्षी फी वाढलीच. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. लेकीने मात्र ऑफिसात भांडून सवलतीच्या त्या दोन ओळी पहिल्या पानावर आणल्या. नकाशा लहान केला. तिच्या साहेबांनी आठवडाभर तोंड फुगवलं, आणि अर्ज वाढल्यावर ही कल्पना आपलीच होती असं सगळीकडे सांगितलं. लेकीने ते सांगू दिलं.

आणि बाईंना पुन्हा वर्ग मिळाला. सार्वजनिक वाचनालयाने कोपऱ्यातलं एक टेबल दिलं. दर शनिवारी त्या तिथे बसतात, आणि ज्या घरातलं मूल कॉलेजला जायचं आहे त्या घरातली माणसं तिथे येतात. कुठे खरी फी किती पडेल, सवलत कुठे मागायची, कुणाला पत्र लिहायचं, हे बाई समजावतात. काका दाराशी नंबर लावतात. बसमधल्यासारखं 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणायची त्यांना आयतीच सोय झाली.

परवाच्या शनिवारी एक दांडगा गृहस्थ आला. ट्रक दुरुस्त करणारा असावा, नखांत काळं वंगण होतं. मुलगी बरोबर होती, पण ती पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून उभी होती, बाबा काय बोलतील या काळजीने. गृहस्थ टेबलासमोर आला आणि खुर्ची न ओढता तसाच उभा राहिला. हात मागे बांधलेले.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "फी फार आहे एवढंच कळतं. मी नुसता विचारायला आलोय."

"मग बसा," बाई म्हणाल्या, आणि कोरा कागद त्याच्यासमोर सरकवला. "गणित उभ्याने होत नाही."

तो बसला. काकांनी त्याच्या मुलीसाठी आणखी एक खुर्ची ओढून दिली.